कुशन घरीच शिवायचीत? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात सोफ्याच्या कव्हरांबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, या महिन्यात निम्मे प्रश्न कुशनचेच आलेत. चवथ जवळ येतेय म्हणून असेल, पाहुणे येणार म्हटलं की सगळ्यांचं लक्ष आधी हॉलकडे जातं. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, रागावू नका. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते कारण ती खाली परत परत येणारच आहे: आपल्या गोव्यात कुशन शिवायचं तर आतली उशी वेगळी आणि वरचा अभ्रा वेगळा, आणि अभ्रा झटक्यात काढून धुता आलाच पाहिजे. झालर, लेस, गोंडे वगैरे सगळं त्याच्यानंतर.

ताई, आम्ही फोंड्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. भिंती पांढऱ्या, मालकांनी दिलेला लाकडी सोफा चॉकलेटी, भिंतीला खिळा मारायचीसुद्धा परवानगी नाही. आईने तिचं हातमशीन दिलंय, मला सरळ टीप मारता येते, बस. पाच कुशन शिवली तर हॉल जरा उजळेल का? कापड किती घेऊ?

उजळेल की! आणि सरळ टीप येते ना, मग काम झालंच, कारण तुम्हाला मी जो अभ्रा सांगणार आहे त्याच्यात चेन नाही, बटण नाही, काज नाही, फक्त सहा सरळ टिपा आहेत. मागच्या बाजूला दोन पट्टे एकावर एक चढलेले असतात आणि त्या फटीतून उशी आत सरकवायची, उशांच्या जुन्या अभ्र्यांना असते ना तशी सोय. एन्व्हलप कव्हर म्हणतात त्याला.

आधी बाजारातून 16 बाय 16 इंचाचे तयार फिलर, म्हणजे आतल्या उशा, आणा. अभ्रा शिवून झाल्यावर 15 बाय 15 चा व्हायला हवा, म्हणजे उशीपेक्षा एक इंच लहान. अभ्रा उशीएवढाच किंवा मोठा केला की कुशन दोन दिवसात मरगळतं, कोपरे रिकामे लोंबतात, आणि मग लोक म्हणतात घरी शिवलेलं तसंच दिसतं. तर पुढचा तुकडा 16 बाय 16 कापायचा (चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जातो) आणि मागचे दोन तुकडे प्रत्येकी 16 बाय साडेअकरा. मागच्या प्रत्येक तुकड्याची एकेक लांब कड अर्धा इंच आणि परत अर्धा इंच अशी दुमडून टीप मारा. झाल्या दोन टिपा. आता पुढचा तुकडा सुलट बाजू वर करून टेबलावर पसरा, त्याच्यावर मागचे दोन तुकडे सुलट बाजू खाली करून ठेवा, दुमडलेल्या कडा मध्यभागी एकमेकींवर येतील, साधारण पाच इंच चढतात. टाचण्या लावा आणि चारी बाजूंनी शिवत जा. जिथे ते दोन पट्टे एकावर एक येतात तिथे मशीन मागेपुढे करून दोनदा टीप मारा कारण उशी कोंबताना सगळा ताण तिथेच बसतो. कडा इंटरलॉक करून घ्या, कोपऱ्यावरच्या टेलरकडे नेऊन दिलं तरी चालतं, नाहीतर पहिल्या टिपेच्या बाहेरून अजून एक टीप मारा. तसंच सोडलं तर दोन-चार धुण्यांत दोरे निघायला लागतात.

कापडाचा हिशोब सोपा आहे. 44 इंच पन्ह्याचं कापड घेतलं तर 16 अधिक साडेअकरा अधिक साडेअकरा म्हणजे 39, एका आडव्या पट्टीत पूर्ण अभ्रा बसतो, म्हणजे एका कुशनला अर्धा मीटर. पाचाला अडीच मीटर घ्या, थोडं उरेल, पण सुती कापड धुतल्यावर आटतं म्हणून ते लागतंच. आणि कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कात्री लावायची, इथे घाई करायची नाही. नवीन कापडाला खळ असते, ती गेल्यावर खरं कापड हातात येतं. 36 इंच पन्हा असेल तर हे गणित बसत नाही, दुकानात विचारूनच घ्या.

पाचच कुशन का पण? दुकानात पाचचा सेट मिळतो म्हणून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पाच बसलंय. भाड्याच्या घरातले लाकडी सोफे मुळात अरुंद, त्याच्यावर पाच गलेलठ्ठ कुशन ठेवली तर माणूस कडेवर बसतो आणि कुशन आरामात! मी तीन म्हणेन. उरलेल्या पैशांत त्याच तीन उशांना अभ्र्यांचा दुसरा जोड शिवा. एक जोड पावसाळ्याचा, एक उन्हाळ्याचा. जून ते सप्टेंबर बाहेर करडं आभाळ असतं, दिवसा ट्यूब लावावी लागते, तेव्हा हळदी, केशरी, विटकरी असे रंग पांढऱ्या भिंतीपुढे छान उठतात. हा जोड पातळ पॉपलिनचा करा, कारण पावसात जाड कॅनव्हासचा अभ्रा तीन दिवस वाळत नाही आणि मग त्याला कुबट वास येतो. मे महिन्यात उलट, ऊन इतकं अंगावर येतं की निळा, मोरपंखी, पांढऱ्यावर बारीक निळी नक्षी असलं काहीतरी डोळ्यांना बरं वाटतं. पणजीत अझुलेजो टाइल्सच्या निळ्या-पांढऱ्या पाट्या बघितल्या असतील ना घरांवर, तो मेळ चॉकलेटी लाकडावर फार सुंदर दिसतो. दोन प्लेन आणि एक प्रिंट, आणि प्रिंटमधलाच एक रंग प्लेनमध्ये यायला हवा, एवढं पाळलं की चुकत नाही. बेज आणि क्रीम नका घेऊ, चॉकलेटी सोफ्यावर दिसतच नाहीत, आणि मळतात ते वेगळंच. कापड दुकानाच्या दाराशी आणून उजेडात बघा, आतल्या लाइटखाली मोरपंखी कधी हिरवा दिसतो कधी निळा.

हातमशीनबद्दल एक. उजवा हात चाकावर असतो त्यामुळे कापड एकट्या डाव्या हाताने सांभाळावं लागतं, सुरुवातीला टीप वाकडी जाणारच. दोरा न ओवता रेघांच्या वहीच्या कागदावर रेघेवरून मशीन चालवा, शिवण क्लासात पहिल्या दिवशी हेच करायला लावतात. कागदाने सुई बोथट होते म्हणून नंतर नवीन सुई घाला, साध्या सुतीला 14 नंबर, जाड कापडाला 16. आईचं मशीन बरेच दिवस बंद असेल तर तेल द्या आणि पहिल्यांदा चिंधीवर चालवा, नाहीतर तेलाचे डाग नव्या कापडावर.

आमचं घर बार्देशात, समुद्राच्या जवळ. मागच्या पावसात सगळ्या कुशनना वास मारायला लागला, एकावर तर काळे ठिपके. सासूबाई म्हणतात सावरीचा कापूस भर, त्यांच्या माहेरी झाड आहे. फोम बरा की फायबर की सावर?

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं त्यामुळे जरा दम धरा.

सासूबाईंचं अगदीच चुकीचं नाही. सावरीच्या तंतूवर नैसर्गिक मेणासारखा थर असतो, पाणी त्याच्यात पटकन शिरत नाही, म्हणून एकेकाळी त्याच जातीचा कापूस बोटीवरच्या लाइफ जॅकेटमध्ये भरायचे. हलका पण खूप. एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटतात तेव्हाच जमवायचा, बिया काढायच्या, आणि ते काम अंगणात, तोंडाला फडका बांधून करायचं नाहीतर आठवडाभर घरात म्हातारी उडत राहील आणि शिंका वेगळ्या. पण तो धुता येत नाही, आणि वापरून वापरून त्याचा चुरा होतो, कुशन चपटं पडतं. डोक्याखालच्या उशीला उत्तम, पण हॉलमध्ये पोरं ज्याच्यावर उड्या मारणार त्याला नको.

साधा कापूस तर नकोच. सुती तंतू नुसत्या हवेतून स्वतःच्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास ओलावा ओढून घेतो आणि हे साधारण हवेतलं सांगतेय, आपल्याकडे आषाढात काय होत असेल बघा. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा घेत नाही. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात समुद्राची खारी हवा, मीठ स्वतः पाणी धरतं, म्हणून किनाऱ्यावरच्या घरात कपडे हाताला कायम चिकट लागतात. तर तुमच्यासाठी पॉलिएस्टर फायबर, दुकानात रेक्रॉन म्हणून मागतात ते. फोमचा अख्खा तुकडा बसायच्या गादीला ठीक, पण एकदा भिजला की आतून वाळायला फार वेळ घेतो. फोमचे बारीक तुकडे भरलेलं स्वस्त कुशन तर घेऊच नका, गाठी गाठी होतात.

भरायची पद्धत: मांजरपाटाची 17 बाय 17 ची दोन तुकड्यांची पिशवी शिवा (शिवल्यावर 16 ची होते), एका बाजूला पाच-सहा इंच तोंड उघडं ठेवा. फायबर गोळ्यासारखं कोंबू नका, हाताने पिंजून मोकळं करा, आधी चारी कोपरे भरा आणि मग मधे. 16 इंचाला 400 ते 500 ग्रॅम लागतं, तुम्हाला किती टणक हवं त्याच्यावर. तोंड हाताने शिवून टाका.

आता जुन्यांचं काय. नुसता वास असेल तर अभ्रा काढून धुवा, उशी कडक उन्हात दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळवा. काळे ठिपके फक्त अभ्र्यावर असतील आणि तो पांढरा सुती असेल तर ब्लीचने जातील बरेचसे, रंगीतला ब्लीच लावू नका. ठिपके आतल्या उशीत शिरले असतील तर टाकून द्या, दया दाखवू नका, बुरशी घरभर पसरते आणि कुणाला दमा असेल तर त्रास. बुरशी झटकायची ती बाहेर जाऊन झटका. आणि सोफा भिंतीला चिकटलेला असेल, त्यातून पश्चिमेच्या भिंतीला, तर वीतभर पुढे ओढा, पावसाचा मारा त्याच भिंतीवर असतो आणि ओल तिथूनच येते. जास्तीची कुशन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकायची सवय पुष्कळ घरांत आहे, आत राहिलेला ओलावा बाहेर पडत नाही आणि दसऱ्याला पिशवी उघडली की वास. जुन्या सुती चादरीत गुंडाळून कपाटात ठेवा.

चेन लावू की बटणं?

दोन्ही नको, वर सांगितलेली फट बघा. चेन हवीच असेल तर नायलॉनची घ्या, रोलवरची मीटरवर मिळते, आणि तिचा रनर चांगला बघून घ्या. लोखंडी रनर खाऱ्या हवेत गंजतो आणि गंजाचा डाग कापडावरून जात नाही. चेन सगळ्यात आधी, खालच्या बाजूला लावायची, मग बाकीच्या तीन बाजू. शेवटची बाजू शिवायच्या आधी चेन अर्धी उघडून ठेवा, नाहीतर अभ्रा सुलट करायला जागाच राहत नाही आणि मग उसवत बसा.

मी पेडण्याची. आईच्या जुन्या साड्या आहेत, दोन इरकली, एक रेशमी, शिवाय खणाचं थोडं कापड आणि आजीची एक कुणबी साडी, लाल चौकड्यांची. सगळ्यांची कुशन करायचा विचार आहे, कापायला जीव होत नाही पण पेटीत ठेवूनही काय करू?

इरकली कापा बिनधास्त. मधला भाग विरलेला असतो, पदर आणि काठ शाबूत असतात. साडी खिडकीपुढे धरा, जिथून उजेड जास्त आरपार येतो तो भाग सोडून द्या. काठाचे पट्टे प्लेन कापडावर मधोमध लावले तर एका साडीत बरीच कुशन निघतात आणि हॉलमध्ये साडीचं दुकान मांडल्यासारखंही वाटत नाही. रेशमी साडीची घडी जिथे वर्षानुवर्षं पडलीये तिथे ती चिरते, म्हणून खाली पातळ सुती अस्तर लावून दोन्ही कापडं एकत्र धावदोऱ्याने जोडा आणि मगच मशीनखाली घाला. ताण अस्तराने घ्यायला हवा. रेशमी अभ्रा घरी धुवायचा नाही, त्यामुळे तो रोज बसायच्या सोफ्यावर ठेवू नका, पाहुण्यांच्या खोलीत ठेवा.

खणाचा पन्हा कमी असतो, वरचा सगळा अभ्रा त्याच्यात बसवायला गेलात तर कापड वाया जाईल, पुढची बाजू खणाची आणि मागची सुती अशी करा. खण अपुरा पडला तर बेळगावला गेलात की मिळेल, तसंही आपण साड्यांच्या नावाने जातोच.

कुणबी साडीला मात्र कात्री लावू नका, माझं ऐका. आजीने नेसलेल्या जुन्या हातमागाच्या कुणबी साड्या आता फार घरांत राहिलेल्या नाहीत. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स, ते 2020 साली गेले, त्यांनी या साडीला परत लोकांसमोर आणण्यासाठी किती मेहनत घेतली होती. आता त्याच चौकड्यांचं नवीन कापड, स्टोल वगैरे विणून मिळतं, कुशनला ते घ्या. लाल चौकडी, एखादं प्लेन पांढरं, आणि खाली जुन्या घरातली लाल गिलाव्याची जमीन असेल तर आणखी काही सजावट लागतच नाही. आजीची साडी मलमलीत गुंडाळून ठेवा, वर्षातून एकदा सावलीत वारा द्या आणि घडी बदला.

लाल कापडाचा रंग जातो का ते आधी बघायचं. पांढरा फडका ओला करून कापडावर मिनिटभर घासा, फडका गुलाबी झाला की समजायचं. मीठ किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात पण आजकालच्या सुती रंगांना त्याचा फारसा उपयोग होत नाही. तीन-चार वेळा वेगळं धुवून जास्तीचा रंग काढून टाका, पाणी स्वच्छ आलं की मग शिवा. शेजारी पांढरं कापड जोडणार असाल तर हे टाळूच नका.

नवरा म्हणतो ऑनलाइन पाच कव्हरं एवढी स्वस्त मिळतात, तू कशाला मरमर करतेस. त्याला काय सांगू?

खरं बोलतोय तो, पैशांचा हिशोब लावला तर ऑनलाइनवाला जिंकतो. नवीन कापड मीटरवर घेऊन, फिलर घेऊन, इंटरलॉकचे देऊन घरचं कुशन स्वस्त पडत नाही. स्वस्त पडतं ते कटपीस, जुने पडदे, साड्या, टेलरकडची कातरण वापरलीत तर. दुसरं म्हणजे त्या स्वस्त कव्हरांवर बहुतेक डिजिटल प्रिंट एकाच बाजूला असतं आणि कापड गुळगुळीत पॉलिएस्टर, मे महिन्यात उघड्या पाठीला चिकटतं आणि घाम येतो. म्हणजे आत पॉलिएस्टर आणि वर सुती, हे उलटं नको. नवऱ्याला एकदा मे महिन्यातल्या दुपारी त्याच्यावर डोकं ठेवून झोपू दे, मग बोला.

कोपरे कुत्र्याच्या कानासारखे टोकदार दिसतात, काय करू? (हा प्रश्न चौघींनी विचारलाय, डिचोलीपासून काणकोणपर्यंत)

चौकोन अगदी काटकोनात शिवला की असंच होतं, कारण उशी मधे फुगते आणि कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. कापडाच्या उलट बाजूला कोपऱ्यापासून दोन्ही कडांवर चार-चार इंचावर खूण करा, आणि कोपऱ्यात नेहमीच्या शिवणीपेक्षा अर्धा इंच आत एक खूण करा. चार इंचाच्या खुणेपासून हळूहळू तिरपं येत त्या आतल्या खुणेला या आणि तसंच दुसरीकडे बाहेर जा. बघताना वाटेल कोपरा कापला गेला, पण उशी घातल्यावर चौकोन सरळ दिसतो. अगदी टोकावर एकदम वळू नका, सुई खाली ठेवून एक-दोन टाके तिरपे घ्या. मग टोकाचं जास्तीचं कापड टिपेपासून दोन-तीन मिलिमीटर सोडून कापा. सुलट करताना कात्रीचं टोक खुपसून कोपरा बाहेर काढणाऱ्या बायकांनी कात्री खाली ठेवावी, बोथट पेन्सिल घ्यावी.

आणि कडेला उठावदार गोट लावायचा असेल तर पट्टी उरेब, म्हणजे कापडावर तिरपी, कापा, सरळ पट्टी कोपऱ्यावर वळत नाही, चुण्या पडतात.

मी सेवानिवृत्त शिक्षक, मडगाव. मशीन नाही, हाताने बटण लावण्याइतपत शिवता येते. बाल्कांवातल्या (घरापुढच्या ओट्यावरच्या) सिमेंटच्या बाकावर संध्याकाळी बसतो, फार थंड व कडक लागतो. पुरुषाने हाताने शिवलेले टिकेल का?

गुरुजी, टेलर बहुतेक पुरुषच असतात की! टिकेल, फक्त धावदोरा घालू नका, हातटीप घाला, म्हणजे टाका पुढे घेऊन सुई अर्धी मागे आणायची, मग पुढे. दोरा दुहेरी घ्या, मेणावरून एकदा ओढा म्हणजे गुंता होत नाही, आणि हातभरापेक्षा लांब दोरा ओवू नका. पेन्सिलीने पट्टी लावून रेघ मारून घ्या, तुमच्या हाताला ते सोपं जाईल. एक अभ्रा दोन-तीन संध्याकाळी होतो.

पण तुम्हाला पाठीचं कुशन नको, बसायची पातळ गादी हवी. दोन इंच जाडीचा चांगला टणक फोम बाकाच्या मापात कापून आणा, दुकानदारच कापून देतो. बाकाची रुंदी आधी मोजून न्या, जुन्या घरांत दोन बाजूंचे बाक क्वचितच सारखे असतात. वरचा अभ्रा शिवताना लांबी आणि रुंदी दोन्हीत फोमची जाडी म्हणजे दोन इंच आणि शिवणीचा एक इंच धरा, नाहीतर चढणारच नाही. बाहेर ऊन लागतं म्हणून गडद निळा, काळा, मरून नको, एका उन्हाळ्यात पट्टे पट्टे उडतात, करडा किंवा फिकट रंग घ्या. मागच्या दोन कोपऱ्यांना सुती नाड्या लावून कठड्याला बांधा. जूनच्या आधी गादी आत न्यायची, आणि रोज रात्री मांजर तिच्यावर झोपणार हे गृहीत धरून अभ्रे दोन शिवा.